उरलेले पावणेचोवीस तास

मास्कचे पाचही खटके बसले आणि तंत्रज्ञानं सवयीनं कपाळापासून हनुवटीपर्यंत हात फिरवला. डाव्या गालाशी हात थांबला. जाळी आणि गाल यांच्यामधल्या फटीत त्याचं बोट सहज गेलं. पहिल्या आठवड्यात हाच मास्क इतका घट्ट होता, की शेक घेऊन उठल्यावर मामांच्या कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर जाळीचे ठसे उमटलेले असायचे. बाहेर बसलेली मामी ते जाईपर्यंत पदरानं त्यांचं तोंड टिपत राहायची. आता चौथा आठवडा चालू होता. "मामा, जेवण जातंय न्हवं?" त्यानं वाकून विचारलं. मास्कच्या आत जबडा हलत नाही, त्यामुळे उत्तर दिलं ते हातानं. अंगालगत ठेवलेला तळवा मामांनी उताणा केला आणि तसाच राहू दिला.

कोल्हापुरातल्या एका रेडिओथेरपी विभागात पाहिलेली ही एवढीच गोष्ट. तोंड-घशाच्या कॅन्सरला किरणांचा शेक देताना डोकं हलू नये म्हणून असा जाळीदार मास्क चेहऱ्यावर बसवून टेबलाला अडकवतात. त्यात कुणाचा दोष नव्हता. यंत्र नीट चालत होतं, आखणी बरोबर होती, मामा एकही दिवस चुकले नव्हते. तरी ते फटीत शिरलेलं बोट मनातून जाईना, कारण या उपचाराचं सगळं गणित मिलिमीटरमध्ये चालतं. गाठ जिथं आहे तिच्याभोवती, रोजच्या मांडणीत होणाऱ्या बारीकसारीक फरकासाठी म्हणून, जेमतेम ३ ते ५ मिलिमीटरची जागा धरलेली असते. माणसाचं बोट त्याहून जाड असतं. रोज शेक देण्याआधी यंत्रावर चित्र घेऊन हाडं जुळवतात आणि टेबल थोडं वर-खाली, डावं-उजवं सरकवून फरक काढतात, हे खरं. पण सैल मास्कमध्ये हनुवटी वर झाली किंवा मान वळली तर नुसतं टेबल सरकवून ते दुरुस्त होत नाही. मग नवा मास्क, नवा सीटी स्कॅन आणि पुन्हा सगळी आखणी. आणि हे सगळं करायला लागतं त्याचं कारण त्या खोलीत नसतंच. ते कागल तालुक्यातल्या एखाद्या घरातल्या चुलीपाशी असतं, जिथं दोन आठवडे ताटातली भाकरी तशीच परत जात असते.

मास्क करायचा दिवस घरच्यांना फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तपासण्यांच्या रांगेतली आणखी एक तपासणी, एवढंच. खरं तर पुढचे सात आठवडे त्या दिवसावर उभे असतात. सपाट, जाळीदार प्लास्टिकचा पत्रा साधारण ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात काही मिनिटं ठेवला की मऊ पडतो. तो ओल्या गरम फडक्यासारखा चेहऱ्यावर आणि खांद्यांवर ताणून बसवतात, नाकाचं हाड, हनुवटी, कपाळ इथं हातानं दाबून घडण आणतात, आणि थंड होऊन कडक होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं हलायचं नाही. चेहऱ्याला ऊब लागते, चटका बसत नाही. जाळीतून श्वास व्यवस्थित घेता येतो. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी ते त्याच वेळी सांगावं. डोळ्यांपुढची जाळी बऱ्याचदा कापून देता येते आणि हात वर केला की यंत्र थांबवतात, बाहेर कॅमेऱ्यावर कुणीतरी बघत असतंच. दाढी त्या दिवशी जशी असेल तशीच पुढं ठेवायची. मास्क करताना तुळतुळीत आणि नंतर महिनाभर वाढवलेली, असं चालत नाही. बायकांचा अंबाडाही असाच आडवा येतो: मास्क करताना केस मोकळे असले आणि नंतर रोज अंबाडा घातला तर डोकं उशीवर वेगळ्या कोनात टेकतं. कुड्या, नथ, कवळी आणि गळ्यातलं मंगळसूत्रही काढावं लागतं, कारण स्कॅनमध्ये धातूच्या चकाकीचे पट्टे येतात आणि मानेची आखणी धूसर होते. पन्नास वर्षांत एकदाही न काढलेलं मंगळसूत्र काढताना बायांचे हात कसे अडखळतात, हे तिथं काम करणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं. काळ्या मण्यांची दोऱ्यात ओवलेली, मनगटाला बांधता येईल अशी पोत घरून घेऊन या, एवढं आदल्या दिवशी सांगितलं तरी ती घालमेल पुष्कळ कमी होते.

त्याहीआधी दात. जबड्याचा पूर्ण एक्स-रे, दातांची सफाई, आणि ज्या दाढा वाचणार नाहीत त्या शेक सुरू व्हायच्या आधीच काढणं. काढल्यावर जखम भरायला दहा ते चौदा दिवस द्यावे लागतात. गाठीच्या आसपासचा दात काढला तर रोग पसरेल या भीतीनं लोक ही पायरी टाळू बघतात आणि तिचा भुर्दंड काही वर्षांनी भरतात. त्याबद्दल शेवटी.

मास्क झाल्यापासून पहिला शेक मिळेपर्यंत थोडे दिवस जातात. "स्कॅन झाला, मास्क झाला, मग आता कशाला थांबवलंय?" असा वैताग बाहेरच्या बाकांवर रोज ऐकू येतो. त्या दिवसांत आत खूप काम चाललेलं असतं. डॉक्टर स्कॅनच्या प्रत्येक चकतीवर गाठ, मानेतल्या संशयित गाठींच्या जागा आणि वाचवायचे अवयव हातानं रेखाटतात. एकेक चकती तीनेक मिलिमीटरची. मग वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ किरणांच्या दिशा बसवतो. मज्जारज्जूला एकूण ४५ ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप) वर जाऊ द्यायचं नाही, आणि कानापुढच्या दोन लाळग्रंथींपैकी निदान एकीला सरासरी २६ ग्रेच्या आत ठेवायचं. ही दुसरी अट वरवर किरकोळ दिसते. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, जुन्या पद्धतीनं शेक घेतलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांचं तोंड वर्षानंतरही त्रासदायक कोरडं होतं. लाळग्रंथी वाचवणाऱ्या नव्या पद्धतीत हे प्रमाण ३८ टक्क्यांवर आलं. रात्री उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन तासातासाला उठणं काय असतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना त्या काही दिवसांचं मोल सांगावं लागत नाही. आणि वजन उतरतं तेव्हा या ग्रंथीही आक्रसून आतल्या बाजूला, जास्त मात्रेच्या पट्ट्यात सरकतात. म्हणजे सैल मास्क नुसता हलत नाही, तर वाचवायचं ठरवलेलं तेही हातचं जाऊ शकतं.

नेहमीची मात्रा ७० ग्रे, रोज २ ग्रेप्रमाणे ३५ वेळा, सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे. आधी शस्त्रक्रिया झाली असेल तर बहुधा ६० ते ६६ ग्रे. टेबलावर चढण्यापासून उतरेपर्यंत पंधरा मिनिटं, त्यातही प्रत्यक्ष किरण काही मिनिटंच. दुखत नाही, भाजत नाही, दिसत नाही. अंगात किरण उरत नाहीत, त्यामुळे घरी जाऊन नातवाला मांडीवर घ्यायला काही हरकत नाही आणि ताट-वाटी वेगळी ठेवायचं तर काहीच कारण नाही. वेगळी ठेवलेली ताटली बघून जेवण आणखी दोन घास कमी होतं.

दिवसाचे उरतात पावणेचोवीस तास.

त्या तासांपैकी कितीतरी एसटीत जातात. चंदगडकडून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं, आजऱ्याकडचा आणि गगनबावड्याकडचा रस्ताही वळणांचा. सोमवारी येऊन शुक्रवारी परत जाणारे धर्मशाळेत किंवा पाव्हण्यांकडं राहतात. रोज येणारे पहाटे निघतात. आणि मग दिवस चुकतात. लग्न, जत्रा, पेशंटला आणणारा मुलगा कारखान्याच्या पाळीवर, उसाला तोड आलेली. "चार दिवसांनी काय बिघडतंय?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तरही नेमकं आहे. संशोधक रॉडनी विदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं, की शेक सुरू होऊन सुमारे चार आठवडे झाले की उरलेल्या कॅन्सरपेशी आधीपेक्षा झपाट्यानं वाढू लागतात; त्यानंतर लांबलेल्या प्रत्येक दिवसाला साधारण ०.६ ग्रे निव्वळ त्या वाढीची भरपाई करण्यात खर्च होतात. म्हणजे चार दिवस लांबले की दिलेल्यापैकी एका दिवसाहून जास्त शेक वाया. उलट बाजूनं, डेन्मार्कमध्ये तेवढीच मात्रा आठवड्याला पाचऐवजी सहा वेळा देऊन उपचार आठवडाभर लवकर संपवला, तर पाच वर्षांनंतर गाठ ताब्यात असलेल्यांचं प्रमाण ६० वरून ७० टक्क्यांवर गेलं. औषध तेच, मात्रा तीच, फक्त दिवस कमी. म्हणून यंत्र बंद पडलं किंवा सुट्टी आली तर शनिवारी बोलावतात, किंवा एकाच दिवशी निदान सहा तासांच्या अंतरानं दोनदा शेक देतात. असं बोलावलं तर कुरकुर न करता जावं.

कोल्हापूरकरांनी यात पावसाळाही धरायला हवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगा चढली, महामार्ग पाण्याखाली गेला आणि गावंच्या गावं तुटली. शिरोळ, करवीर, पन्हाळ्याकडच्या नदीकाठच्या माणसाचा शेक जून-जुलैत सुरू होणार असेल तर राहायची सोय शहरात, उंचावरच्या भागात, आधीच बघून ठेवावी. शेक आणि केमो सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, पण रेशनकार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की मंजुरी अडते. ते रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला पहिल्याच भेटीत दाखवून घ्यावं, मास्क झाल्यावर नको.

पहिला आठवडा फसवा असतो. काहीच होत नाही. पेशंट चहा पितो, मटणावर ताव मारतो, शेजाऱ्यांना सांगतो की काही नाही हो, उगाच घाबरत होतो. दुसऱ्या आठवड्यात चव जाते, लाळ चिकट, तारेसारखी ओढली जाणारी होते. तिसऱ्यात गालाच्या आतून आणि जिभेच्या कडेला लाल चट्टे उठतात, त्यांवर पांढरट थर येतो. पाचव्यापासून शेवटपर्यंत ते सगळं शिगेला असतं. मानेची कातडी काळवंडून सोलते. "तोंडात नुसता जाळ हाय, थुंकीबी गिळवंना," असं सांगताना माणूस एका वाक्यात तीनदा थांबतो. त्या तोंडासाठी जे काम सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते सगळ्यात स्वस्त आहे. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ आणि एक सपाट चमचा खाण्याचा सोडा, रोज ताजं, जागेपणी दर दोन तासांनी, तोंडात अर्धा मिनिट खुळखुळवून थुंकायचं. लोक दिवसातून दोनदा करतात आणि गुण येत नाही म्हणतात. आठ-दहा वेळा केलं तरच चिकट लाळ सुटते आणि घास फिरायला जागा होते. टीव्हीत दिसणारी झोंबणारी, अल्कोहोलची गुळणी नको. दुखणं कमी करणारी बेन्झिडामिनची गुळणी झोंबत असेल तर निम्मं पाणी घालून घ्यावी. आणि पांढरे ठिपके पुसले जात असतील, खाली लाल दिसत असेल, तर तो शेकाचा चट्टा नसून बुरशी असू शकते. तिला वेगळी गोळी लागते आणि दोन-चार दिवसांत जेवण सुधारतं. ही बुरशी बरेचदा नजरेतून सुटते, कारण सगळ्यांनी मनात धरलेलं असतं की तोंड आता असंच असणार. गळ्याला ब्लेड, पावडर, अत्तर, चिकटपट्टी काही लावायचं नाही, आणि ताठ कॉलरचा शर्ट सात आठवडे कपाटात.

आणि मग स्वयंपाकघर. कोल्हापुरी घराची वर्षाची चटणी उन्हाळ्यात डंकावर कुटून बरणीत भरलेली असते आणि ती आमटीत, भाजीत, अंड्याच्या पोळीत, सगळीकडं पडते. ज्याला जन्मभर तिची सवय आहे त्याला बिनतिखटाचं अन्न पुढं ठेवलं की ते आजाऱ्याचं वाटतं, शिक्षा वाटते. बायको मग रडकुंडीला येऊन चिमूटभर चटणी घालते, त्या घासानं डोळ्यांतून पाणी येतं आणि त्या दिवसाचं जेवण तिथं संपतं. याला उपाय याच घरात आहे. मटण शिजताना हळद, मीठ, आलं-लसूण घालून जो अळणी रस्सा होतो, ज्यातून पुढं तांबडा आणि पांढरा दोन्ही होतात, तो चटणी पडायच्या आधी बाजूला काढायचा. पांढऱ्यात पडणारे नारळाचं दूध, काजू, खसखस हे सगळं त्याला चालतं. हिरवी मिरची, मिरी, लवंग तेवढी वगळायची. पण इथं एक मोठी गफलत होते. निवळ अळणी पाण्यात ताकद आहे असं सगळे समजतात आणि वाटीभर तेवढंच देतात. त्या पाण्यात चव आहे, मीठ आहे, कॅलरी नावाला. ताकद खाली राहिलेल्या मटणात आहे, म्हणून ते मऊ शिजवून मिक्सरला फिरवून त्याच रश्श्यात मिसळायला हवं. नारळपाण्याचं तेच. आणि सलाईनचं तर त्याहून तेच: "डॉक्टर, एक बाटली चढवा, ताकद येईल" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं, की साखरेच्या पाण्याच्या अर्ध्या लिटर बाटलीत शंभर कॅलरीसुद्धा नसतात.

हिशोब असा. पंचावन्न किलोच्या माणसाला दिवसाला किलोमागं ३० कॅलरी, म्हणजे साडेसोळाशे, आणि किलोमागं निदान १.२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६६ ग्रॅम. दोनशे मिली म्हशीचं दूध, त्यात शिजवलेलं दोन चमचे नाचणीचं पीठ, एक चमचा तूप, दोन चमचे गूळ: असा एक पेला साडेतीनशे कॅलरींच्या जवळ जातो आणि प्रथिनं नऊ-दहा ग्रॅम. दिवसातून पाच पेले आणि दोन-तीन उकडून कुस्करलेली अंडी, एवढ्यात काम जवळजवळ भागतं. महागडे डबे परवडले तर घ्यावेत; नाही परवडले म्हणून माणूस उपाशी राहायला नको. पैलवानांच्या गावात खुराकाचं शास्त्र कुणाला शिकवायला नको. तोच खुराक गाळून, कोमट करून, थोडा थोडा द्यायचा आहे. मात्र गंगावेशीत म्हैस समोर पिळून मिळतं तसं धारोष्ण दूध केमो चालू असताना नको, उकळूनच. साखर-गुळानं कॅन्सर वाढतो ही समजूत अलीकडं मोबाईलवरून घरोघरी पोचली आहे आणि तिनं कितीतरी पेले रिकामे केले आहेत. मधुमेह नसेल तर उपचाराच्या काळात गूळ तोडायचं कारण नाही. प्याल्यावर गुळणी करून दात स्वच्छ ठेवायचे. वजन दर आठवड्याला, त्याच काट्यावर, चपला काढून. पंचावन्नचे बावन्न झाले तर पाच टक्क्यांहून जास्त गेलं, आणि ते त्याच दिवशी सांगायचं, पुढच्या भेटीत नव्हे.

नळी म्हणजे शेवट, असं गावाकडं पक्कं बसलंय.

म्हणून नाकातून नळी घालू म्हटलं की घरचे आठवडा मागतात, आणि त्या आठवड्यात चार किलो जातात. खरं तर ही नळी म्हणजे चाललेल्या उपचाराला दिलेला टेकू. तोंड भरून आलं की निघते. दोनशे मिली, दर दोन-तीन तासांनी, पन्नास मिलीची सिरिंज दांडा काढून वर धरायची आणि अन्न आपल्या वजनानं उतरू द्यायचं. दांड्यानं रेटलं की उलटी होते. पेशंट टेकून बसलेला, नंतरही निदान अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्न फुप्फुसात उतरतं. प्रत्येक वेळी शेवटी तीस-चाळीस मिली साधं पाणी. नळी चोंदते ती बहुतेक दोन कारणांनी: पेज नीट गाळलेली नसते, किंवा गोळी भरड कुटून घातलेली असते. कोमट पाणी हळूहळू आत-बाहेर खेळवून ती मोकळी होते, तार घालायची नाही. नाकापाशी पेननं खूण केलेली असते; ती बाहेर सरकलेली दिसली तर पुन्हा आत ढकलायची नाही, अन्न थांबवून रुग्णालयात जायचं. मास्क आधीच तयार असेल तर नाकाशी छोटी खाच पाडून देतात. आणि नळी असली तरी दिवसातून काही वेळा घोटभर पाणी गिळत राहायचं, ठसका लागत नसेल तर. महिनाभर न गिळलेला घसा गिळणं विसरल्यासारखा वागतो, आणि मग तोंड बरं होऊनही नळी निघत नाही.

शेकाबरोबर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध असेल तर आणखी एक धागा जोडला जातो. नेहमीची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम, म्हणजे दीड चौरस मीटरच्या माणसाला ६०. हे औषध किडनीतून जातं आणि तिला भरपूर पाणी लागतं. तोंड दुखतं म्हणून पेशंट पाणी पीत नाही, किडनीवरचा ताण दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, त्या आठवड्याची केमो रद्द होते. त्यात गावातल्या मेडिकलमधून दुखण्यावर डायक्लोफिनॅक आणलेलं असतं, जे त्याच किडनीवर दुसरा घाव घालतं. वेदनेवर औषध हवंच, भरपूर हवं, पण ते विभागातूनच घ्यावं: पॅरासिटामॉल, ट्रामाडॉल, लागलंच तर मॉर्फिन. मॉर्फिनचं नाव ऐकून दचकू नये. बद्धकोष्ठाचं औषध सोबत घ्यावं म्हणजे झालं. कानात सूं आवाज येऊ लागला, ऐकू कमी आलं, तर पुढच्या डोसआधी सांगावं. सिस्प्लॅटिन झेपणार नाही अशांसाठीही आता रस्ता आहे: मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेकाबरोबर आठवड्याला डोसिटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधाची छोटी मात्रा दिल्यावर दोन वर्षं रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण ३० वरून ४२ टक्क्यांवर गेलं.

तंबाखूबद्दल उपदेश नको, पण एक गोष्ट उघड बोलायला हवी. निपाणी-कागलच्या पट्ट्यात तंबाखू हे पीक आहे, मजुरी आहे, गप्पांची सुरुवात आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि मावा प्रत्येक कोपऱ्यावर मळला जातोय. बायकांची मिश्री तर कुणी व्यसनात धरतच नाही. तोंड पोळलेलं असताना, "जरा बधिर होतंय, बरं वाटतं" म्हणून मिश्री लावणाऱ्या बाया आहेत, आणि त्या हे डॉक्टरांपासून लपवतात कारण ओरडा बसतो. ओरडून काही होत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या घरच्यांना मात्र एक आकडा सांगावा: १९९३ च्या एका कॅनेडियन अभ्यासात शेक चालू असताना धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांची गाठ पूर्ण विरघळली, सोडणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांची. एवढा फरक पाडणारं औषध निघालं असतं तर त्यासाठी लोकांनी शेत विकलं असतं.

शेवटच्या दिवशी पेढे वाटतात. मास्क घरी नेतात, कुणी तो पंचगंगेत सोडतात. आणि त्यानंतरचे दहा-पंधरा दिवस सगळ्यात वाईट जातात, हे कुणी सांगितलेलं नसतं. शेकाचा परिणाम साचत आलेला असतो, तो संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे वाढतच राहतो. रोज कुणीतरी तपासणारं होतं, ते आता नाही, नळी आता कशाला म्हणून काढून टाकलेली, गुळण्या बंद. याच काळात ताप येऊन, पाणी कमी पडून माणसं पुन्हा भरती होतात. मला वाटतं, एखादी गोष्ट भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायची असेल तर ती ही: शेक संपल्यावरही निदान महिनाभर सगळं तसंच चालू ठेवायचं. चट्टे भरायला तीन-चार आठवडे लागतात, कधी जास्त. चव तीन ते सहा महिन्यांत परतू लागते, आधी गोड की आधी खारट हे ज्याचं त्याचं. मिसळीची तर्री कित्येकांना वर्षानंतरही सोसत नाही आणि त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. ते वाईट वाटणं क्षुल्लक समजू नये. गाठ गेली की नाही हे बघायला लगेच पेट स्कॅनचा हट्ट धरू नये. सूज अजून असते आणि चित्र खोटं घाबरवतं. बारा आठवड्यांनी.

पुढं बरीच वर्षं बघण्यासारखी चार कामं उरतात. तोंड उघडणं: आईस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी अर्धा मिनिट. एक काडी साधारण दोन मिलिमीटरची, त्यामुळे सतरा-अठरा काड्या जात असतील तर पस्तीस मिलिमीटर, ठीक आहे. दर आठवड्याला काड्या मोजायच्या. कमी झाल्या तर जबडा आवळतोय. मावा-सुपारीनं ज्यांचं तोंड आधीच आखडलेलं आहे त्यांनी तर हे शेकाच्या पहिल्या दिवसापासून. थायरॉइड: दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही रक्ततपासणी. सुस्ती आली, वजन वाढलं, थंडी सोसेना, की वयाला दोष देण्याआधी ही एक तपासणी. मान खाली घातली की पाठीतून विजेसारखी झिणझिणी जाणं काही महिन्यांनी सुरू होतं, बहुतेक वेळा आपोआप जातं, पण सांगून ठेवावं.

आणि दात. लाळ कमी म्हणजे कीड लवकर, म्हणून फ्लोराइडची पेस्ट किंवा जेल रोज रात्री, आयुष्यभर. शेक बसलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तिथली दाढ उपटली तर जखम भरत नाही, हाड उघडं पडतं, सडतं, आणि हा धोका वर्षं उलटली म्हणून संपत नाही. दहा वर्षांनी गावातल्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या आधी हेच सांगायचं, की जबड्याला शेक झालाय. रूट कॅनालवर भागत असेल तर दाढ काढू द्यायची नाही. काढावीच लागली तर आधी शेक दिलेल्या डॉक्टरांशी बोलून घ्यायला सांगायचं, आणि त्यासाठी उपचार संपताना मिळालेला सारांशाचा कागद, ज्यावर मात्रा, तारखा आणि शेक दिलेला भाग लिहिलेला असतो, लॅमिनेट करून रेशनकार्डाबरोबर ठेवायचा. फोटोही काढून मुलाच्या आणि सुनेच्या, दोघांच्या फोनमध्ये.